आधीचा मिस्त्री

माझी जीप पुढे जायची. पुढे म्हणजे नेमकं कुठे, ते मात्र ती ठरवायची.

स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ती क्षणभर विचार करी आणि मग साधारण डावीकडे वळे. ताशी तीसपर्यंत हा कारभार परस्पर समजुतीनं चाले. चाळीसला एखाद्या खड्ड्यात चाक गेलं, की पुढची दोन्ही चाकं अंगात आल्यासारखी घुमायला लागत. मग स्टेअरिंग हातात राहत नसे, हातच स्टेअरिंगबरोबर जात. एकदा पन्हाळ्याच्या वाटेवर, वाघबीळच्या अलीकडे हा प्रकार झाला तेव्हा शेजारी सासरे बसले होते. गाडी कशीबशी कडेला घेतली. सासऱ्यांनी तोंडातली कवळी काढली, रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली आणि बोळक्या तोंडानं शांतपणे म्हणाले, "आता चालू द्या, जावईबापू." परतीला ते एसटीनं आले.

दुसऱ्या दिवशी गाडी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात नेली. मिस्त्रीनं जॅक लावला, चाक वर-खाली धरून हलवलं. पडायला आलेला दुधाचा दात हलावा तसं ते हललं.

"किंगपिन गेल्यात साहेब. बेरिंगं गेल्यात. सील तर नाहीतच. फ्रंट अ‍ॅक्सल पुरता खोलायला लागतोय."

"पण असं झालं कशानं?"

मिस्त्रीनं पुन्हा खाली वाकून बघितलं आणि मान हलवली. "आधीच्या मिस्त्रीनं वाट लावलीया."

हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. नळ दुरुस्त करणारा येतो, भिंतीतला पाइप बघतो आणि विचारतो, "हे कुणी केलं हुतं?" वायरमन बोर्ड उघडतो आणि हसतो. माझ्या दाताच्या डॉक्टरांनी तर माझा जबडा उघडा असताना, म्हणजे मला उत्तर देण्याची काही सोय नसताना, "कुठे भरला होता हा दात?" असं विचारलं होतं. या देशात प्रत्येक कामाच्या आधी एक मिस्त्री होऊन गेलेला असतो. त्याला कुणी पाहिलेलं नसतं आणि त्यानं एकही काम धड केलेलं नसतं.

"दोन दिवसांचं काम हाय. सोडून जावा गाडी," मिस्त्री म्हणाला.

इथे माझी मती फिरली. छत्तीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या. हाताला शाईच्या पॅडखेरीज काही लागलं नाही. घरी जीपच्या दुरुस्तीच्या पुस्तकाची झेरॉक्स पडून होती, आणि आतली चित्रं मी झोपण्यापूर्वी नियमित बघत असे. "मीच करीन म्हणतो," मी म्हणालो.

मिस्त्रीनं माझ्या पांढऱ्या शर्टाकडे बघितलं. "करा की. अडलं तर आणा. पोत्यात घालून आणली तरी चालंल."

आता थोडं गाडीविषयी. ती १९६२ ची, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. मॉडेल सीजे-३बी. विलिस कंपनीनं ते अमेरिकेत १९५३ साली काढलं. नवं इंजिन उंच होतं, ते झाकायला बॉनेट उंच करावं लागलं आणि त्यामुळे या जीपचं कपाळ भव्य दिसतं. तिच्याविषयी लोकांचा जो आदर आहे तो बराचसा त्या कपाळामुळे आहे. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ ला थांबलं, आपल्याकडे महिंद्रानं पुढे कितीतरी वर्षं चालू ठेवलं. आमची आधी एका सरकारी खात्यात होती, मग लिलावात निघाली, निवडणुकीच्या प्रचाराला लागली. त्यानंतर तिनं वडाप केलं, म्हणजे दहा आत, सहा बाहेर आणि टपावर कोंबड्यांची डालगी. शेवटी ती वीटभट्टीवर गेली आणि तिथून माझ्याकडे आली. एवढ्या नोकऱ्या केलेल्या बाईचे गुडघे दुखणारच.

तिच्यात गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोट्या दांड्या असतात. त्यातली एक ओढली की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो आणि गाडी चारही पायांनी चिखलातून निघते. ही दांडी मी घेतल्यापासून एकदाही ओढलेली नाही. घर ते भाजी मंडई या मार्गावर चिखल नाही. पण गंमत अशी, की दांडी ओढा किंवा ओढू नका, पुढची चाकं फिरली की त्यांच्याबरोबर आतले दांडे, क्राउन, पिनियन आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट हे सगळं फिरतच राहतं. काम शून्य, फिरणं दिवसभर. आमच्या बँकेत असे दोघे होते. दोघेही माझ्या आधी मॅनेजर झाले.

रविवारी सकाळी शुभारंभ केला. चाकाच्या पाच नटांपासूनच अडलं. डाव्या चाकाचा नट सुटेना. पान्याला पाइप लावला, पाइपावर उभा राहिलो. शेजारचे काका गॅलरीतून बघत होते, ते बनियनवर खाली आले आणि माझ्या मागे पाइपावर उभे राहिले. आमचं दोघांचं मिळून दीडशे किलो वजन त्या नटावर पडलं आणि 'टण्' असा सुंदर आवाज झाला.

"सुटला!" काका म्हणाले.

सुटला नव्हता. बोल्ट तुटला होता. दुसराही तसाच तुटला. तिसऱ्या वेळी मी चष्मा पुसून नीट बघितलं, तर बोल्टच्या टोकावर इंग्रजी 'एल' कोरलेला. जुन्या जीपला डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. चाक फिरता फिरता नट आपोआप सुटू नये, अशी त्यामागची काळजी. म्हणजे आपण जगभर ज्या दिशेनं नट सोडवतो, त्या दिशेनं तो इथे आवळला जातो. काका आणि मी अर्धा तास दीडशे किलो जोर लावून तो नट आवळत होतो, आणि आवळला जात नाही म्हणून बिचाऱ्या बोल्टनं जीव दिला.

"आधीच्या माणसानं सांगायला नको का?" काका म्हणाले.

चाक निघालं. ड्रम निघाला. वरची चकती सहा बोल्टनी बसवलेली, तीही निघाली. आता सगळे सुटे भाग ठेवायचे कुठे? पुस्तकात 'स्वच्छ भांड्यात' असं स्पष्ट लिहिलं होतं. स्वयंपाकघरातून मोठी परात आणली, डिझेलसाठी एक पातेलं आणलं. पातेलं जुनं होतं असा माझा प्रामाणिक समज होता. ते सौभाग्यवतींच्या माहेरचं निघालं.

"अहो, यात बासुंदी होते आपली!"

"आता बेरिंग धुतो, मग घासून देतो."

"देऊ नका. तुमचा चहा यातच करत जाईन."

चकतीच्या आत दोन मोठे नट असतात, त्यांच्या मध्ये एक वॉशर. नट बसला की वॉशरची कड त्यावर वाकवायची, म्हणजे तो हलत नाही. या नटांना खोल तोंडाचा खास बॉक्स पाना लागतो. मी टॉर्च मारून आत बघितलं आणि संतापलो. नटाला सहा कोपरे असायला हवे होते. एकही शाबूत नव्हता. सगळीकडे छन्नीचे घाव. ज्याच्याकडे पाना नव्हता त्यानं कोपऱ्यावर छन्नी टेकवून हातोडीनं ठोकत ठोकत नट फिरवला होता. एकानं नव्हे. घाव मोजले तर किमान चार मिस्त्रींच्या हस्ताक्षराचा फरक दिसत होता. एक डावखुरा असावा. सह्या तपासण्याचा अनुभव असा उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं.

मी तिथेच, काका आणि वॉचमन यांच्या साक्षीनं जाहीर केलं, "काहीही होवो, या नटाला मी छन्नी लावणार नाही." उद्यमनगरात एका लेथवाल्याकडून जाड पाइपाचा, मापाचा बॉक्स पाना करवून घेतला. त्याचे पैसे नव्या बेरिंगपेक्षा जास्त झाले. पण नट त्या पान्यानं असा सुटला, की मी पाना कपाळाला लावला.

यापुढे जे झालं त्याला दुरुस्ती म्हणता येणार नाही, ते उत्खनन होतं. जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांना नारळाएवढा पोकळ गोळा असतो, त्यावर एक वाटी बसते आणि वर-खाली दोन किंगपिनांवर ती वळते. वाटीबरोबर चाक वळतं. गोळ्याच्या आतून चाकाला फिरवणारा दांडा जातो. हे सगळं ग्रीसमध्ये बुडालेलं असावं आणि ग्रीस बाहेर येऊ नये म्हणून मागे नमद्याचं आणि रबराचं सील असावं, अशी पुस्तकाची अपेक्षा.

वाटी उघडली. पहिला थर विटांच्या लाल धुळीचा, अर्थात वीटभट्टी काळ. त्याखाली ग्रीसचा काळा थर, शिळ्या पुरणासारखा, त्यात कोंबडीचं एक पीस. वडाप काळ निश्चित झाला. सीलच्या जागी सुतळीचे सात वेढे आणि त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी होती. वेढ्यांना गाठ सुबक मारली होती, ती सोडवायला मला वीस मिनिटं लागली. माणूस चांभारकाम किंवा पतंग यांपैकी एकात तयार असणार. आणि किंगपिनच्या टोपीखाली शिम म्हणून जे पत्र्याचे तुकडे होते, त्यातला एक पालथा केला तर त्यावर पिवळ्या-हिरव्या रंगात अर्ध्या नारळाच्या झाडाचं चित्र. वनस्पती तुपाच्या डब्याचा पत्रा! इतकी वर्षं आम्ही डालड्यावर वळत होतो.

खऱ्या शिम म्हणजे कागदासारखे पातळ पत्रे. तीन, पाच, दहा आणि तीस हजारांश इंचाचे. लेथवाले त्याला 'थाऊ' म्हणतात. डब्याचा पत्रा किती थाऊचा हे मी मोजून घेतलं, पण इथे सांगत नाही. कुणीतरी उद्या तोच वापरेल.

एव्हाना कॉलनीला विषय मिळाला होता. सकाळी फिरायला जाणारे लोक आमच्या गेटपाशी फेरी संपवू लागले. प्रत्येकानं एकेक सल्ला दिला आणि एकेक पाना नेला. समोरच्या बंगल्यातले नव्वदीचे आजोबा काठी टेकत आले, अ‍ॅक्सलकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बैलगाडीचा कणा हाय ह्यो. वंगण घाला, बास."

"आजोबा, यात क्राउन आहे, पिनियन आहे, किंगपिन आहे..."

"म्हणून तर बंद पडलंय."

डाव्या बाजूचा दांडा बाहेर काढताना त्याचा सांधा निसटला आणि आतल्या सहा पोलादी गोळ्या अंगणभर झाल्या. हा सांधा आल्फ्रेड रझेप्पा नावाच्या इंजिनियरानं १९२० च्या दशकात शोधला. चाक कितीही वळलेलं असो, फिरण्याचा वेग एकसारखा राहतो. आजच्या बहुतेक पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत त्याचेच वंशज बसलेले आहेत. शोध थोर आहे, पण कोल्हापुरातल्या सुट्टीतल्या पोरांचा त्यात विचार केलेला नव्हता. पाच गोळ्या सापडल्या. सहावी दोन दिवसांनी तिसऱ्या गल्लीत सापडली, एका आठ वर्षांच्या मुलाच्या खिशात. तिच्या जोरावर त्यानं त्या दोन दिवसांत गल्लीतल्या झाडून सगळ्या गोट्या जिंकल्या होत्या. सौदा दोन कॅडबऱ्या आणि जीपमधून एक फेरी यावर पटला. "चालू झाल्यावर," असं तो मुद्दाम म्हणाला.

मग काकांनी एक किडा सोडला. "मागचा आणि पुढचा रेशो एक आहे ना? जुन्या गाड्यांना कुणी लष्करी डिस्पोजलचा अ‍ॅक्सल लावून ठेवतं."

झोप उडाली. मुद्दा खरा होता. लढाईतल्या जीपला क्राउनचे दात ३९ आणि पिनियनचे ८, म्हणजे ४.८८ चा रेशो. आमच्या मॉडेलला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. पुढे एक आणि मागे दुसरा असेल तर ती दांडी ओढल्यावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं जाऊ बघणार आणि गाडी आपल्याशीच भांडत बसणार. दांडी मी ओढणार नव्हतोच, पण तत्त्वाचा प्रश्न होता. मागचा अ‍ॅक्सल मूळचा आहे हे माहीत होतं, पुढचे दात मोजायचे ठरवलं.

दात मोजणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी आधी पोळपाटाएवढ्या तेलकट चक्राला खडूची खूण करून बघावी. खूण पुसते. पहिल्यांदा ४२ आले. दुसऱ्यांदा ४४. तिसऱ्यांदा ३८ वर असताना फोन वाजला, एक मंजुळ आवाज मला वैयक्तिक कर्ज देऊ इच्छित होता. काकांनी मोजले, ३९ आले, कारण त्यांना ३९ च हवे होते. शेवटी सौभाग्यवतींना बोलावलं. त्यांनी पदर खोचला, लाख वाती मोजणारी बोटं दातांवरून फिरवली आणि ४३ सांगितले. "पण मी कुठून सुरू केलं ते विसरले," असं त्यांनी नंतर जोडलं.

बुधवारी मिस्त्री सहज चहाला म्हणून आला. आम्ही तिघं चक्राभोवती बसलेलो बघून त्यानं खांद्यावरचं फडकं काढलं आणि क्राउनची कड पुसली. तिथे स्वच्छ कोरलेलं होतं: ४३, ८.

"सगळ्यांवर लिवलेलं असतंय साहेब," तो म्हणाला.

चहा त्या पातेल्यातलाच होता. त्याला चव आवडली. जाताना त्यानं एक बेरिंग भरून दाखवलं. डाव्या तळहातावर लिंबाएवढं ग्रीस घेतलं, उजव्या हातात बेरिंग धरलं आणि त्याची कड तळहातावर दाबत, ओढत, पुन्हा दाबत फिरवत राहिला. रोलरांच्या फटींतून दुसऱ्या बाजूला ग्रीसचे बारीक धागे येऊ लागले, सोऱ्यातून शेव यावी तसे. सगळ्या फटींतून सारखे येईपर्यंत तो थांबला नाही. तेवढा वेळ तो एक शब्द बोलला नाही, आणि आम्हीही नाही. मी मग उरलेली तीन भरली. त्यात बेरिंगमध्ये किती गेलं आणि कोपरापर्यंत किती आलं, हे ग्रीसच्या डब्यालाच ठाऊक.

राहिलं किंगपिनचं घट्टपण. ते असं ठरवतात: सील न लावता स्टेअरिंगच्या हाताला स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचं. ठरलेल्या वजनाला ते हललं पाहिजे. लवकर हललं तर एखादी शिम काढायची, अडलं तर घालायची. माझ्याकडे काटा कुठला? रद्दीवाल्याकडे होता. दहा रुपये भाड्यानं तासभर मागून घेतला. बँकेतली सवय, आधी पडताळणी. साखरेचा एक किलोचा सीलबंद पुडा अडकवला. काट्यानं सातशे ग्रॅम दाखवले. दुसरा पुडा, सातशे.

किंगपिन बाजूला राहिलं. मी पाटावर बसून वीस वर्षांच्या रद्दीचा हिशेब मांडला. दर महिना सरासरी बारा किलो, त्याचे तीस टक्के...

"अहो, चाक लावा आधी," आतून आवाज आला.

रद्दीवाल्याला गाठून जाब विचारला. तो जराही विचलित झाला नाही. "काटा बरोबर हाय साहेब. आधीच्या मालकाकडनं असाच आलाय."

काटा किलोला सातशे दाखवतो हे एकदा कळल्यावर त्रैराशिक मांडून काम भागलं. पौंडाचे किलो केले, किलोचे रद्दीचे किलो केले, शिमा बसल्या. नमद्याचं खरं सील लागलं. गोळ्या आत गेल्या. बॉक्स पान्यानं आतला नट आवळला, चाक जड फिरेपर्यंत, आणि पुस्तकात सांगितल्याप्रमाणे फेऱ्याचा सहावा भाग मागे घेतला. बाहेरचा नट आवळला, चकती लावली, सहा बोल्ट लावले, चाक चढवलं. डाव्या चाकाचे नट उलट्या दिशेनं आवळताना मी काकांकडे बघितलंसुद्धा नाही. शनिवारी दुपारी जीप गेटबाहेर काढली आणि त्या मुलाला शेजारी बसवून रंकाळ्याला एक फेरी मारली. स्टेअरिंग डावीकडे फिरवलं की ती डावीकडे गेली. तेव्हाच! विचार न करता! मला चुकल्यासारखं झालं.

संध्याकाळी परात घासायला देण्यापूर्वी फडकं उचललं, तर त्याखाली एक गोल वॉशर. कडा न वाकलेली, कोरी करकरीत. दोन नटांच्या मध्ये असतो तो.

म्हणजे डाव्या चाकाचा नट नुसता देवाच्या भरवशावर होता, आणि तसाच तो रंकाळ्याला जाऊन आला होता. उघडावंच लागणार. चाक काढलं, चकती काढली, पान्यासाठी हात मागे नेला. पाना नव्हता. बाकाखाली नव्हता, गाडीत नव्हता, काकांकडे नव्हता.

"अगं, तो जाड पाइपासारखा पाना कुठाय?"

"पाना होता तो? मला वाटलं नळाचा तुटका तुकडा. इतके दिवस दारात पसारा! सकाळी रद्दीवाल्याला दिला."

"किती भरला?"

"नऊशे ग्रॅम म्हणाला."

म्हणजे जवळजवळ तेराशे. पण ते जाऊ दे. लेथ सोमवारी उघडणार. रविवारी सासऱ्यांना पन्हाळ्याला न्यायचं कबूल केलं होतं, कवळीसकट. अंधार पडला होता. काका आत बातम्या बघत होते, वॉचमन गेटवर डुलक्या घेत होता. मी टॉर्च दातांत धरली, नटावर टेकवून हळूच, अगदी हळूच, पहिला ठोका दिला.

गॅलरीचं दार उघडलं.

"काय ठोकताय हो एवढ्या रात्री?"

मी छन्नी पाठीमागे लपवली. "काही नाही काका. आधीच्या मिस्त्रीनं नट फार घट्ट बसवलाय."